श्वेतस्राव, कंडू आणि कॅन्डिडा : श्लेष्मला योनीचे निदान व चिकित्सा

‘अंगावरून पांढरे जाते’ या एका वाक्यात स्त्रीरुग्णा आपली तक्रार सांगते आणि पुष्कळदा त्या एका वाक्यावरच तिला औषधही दिले जाते. चिकित्सालयात पुष्यानुग चूर्णाच्या पुड्या मिळतात. दुकानात अशोकारिष्टाची बाटली किंवा बुरशीनाशक गोळीचे पाकीट मिळते. काहींना बरे वाटते, काहींना वाटत नाही. ज्यांना वाटत नाही त्या स्त्रिया पुन्हा येतातच असे नाही, कारण हा विषय दुसऱ्यांदा उच्चारण्याचा संकोच पहिल्यापेक्षा मोठा असतो. ‘पांढरे जाणे’ हे लक्षण आहे, निदान नव्हे, एवढेच या लेखात आम्हांस मुख्यतः सांगावयाचे आहे. त्यातही कॅन्डिडा या यीस्टवर्गीय बुरशीमुळे होणारा योनिशोथ कसा ओळखावा, त्याची चिकित्सा कशी करावी आणि आपल्या औषधांची मर्यादा कोठे मानावी, याचा विचार येथे केला आहे.

तपासणीविना औषध देणे किती महागात पडते याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले, प्रत्येकीस सरासरी ३.६ विकार होते, आणि त्यापूर्वी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. आजची स्थिती त्याहून बरी असली तरी संकोच व उपेक्षा संपलेली नाही.

रोगाचे स्वरूप

कॅन्डिडा हा योनिमार्गात बाहेरून अकस्मात येणारा शत्रू नव्हे. सुमारे १० ते २० टक्के निरोगी स्त्रियांच्या योनिमार्गात तो कोणतेही लक्षण न देता राहतो. योनीतील लॅक्टोबॅसिलस जातीचे उपकारक जीवाणू तेथील सामू ३.८ ते ४.५ इतका आम्ल ठेवतात आणि अन्य जंतूंस आवर घालतात. हा समतोल ढळला, स्थानिक प्रतिकारशक्ती उणावली किंवा इस्ट्रोजेनचे प्रमाण वाढले की यीस्ट वाढते, तंतुरूप धारण करते आणि श्लेष्मल त्वचेस शोथ येतो. सुमारे ७५ टक्के स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा विकार होतो आणि ४० ते ४५ टक्के स्त्रियांना दोन वा अधिक वेळा होतो. म्हणजे हा विकार अस्वच्छतेचा वा दुराचरणाचा द्योतक नाही. ही गोष्ट रुग्णेस स्पष्ट शब्दांत सांगणे हा आम्ही चिकित्सेचाच भाग मानतो.

तीव्र कंडू हे याचे प्रधान लक्षण होय. त्यासोबत दह्याच्या गाठींसारखा किंवा नासलेल्या दुधासारखा घट्ट पांढरा स्राव, बाह्यांगास आरक्तता व सूज, बारीक चिरा, मूत्र लागताच बाहेरील त्वचेस होणारी आग आणि मैथुनसमयी वेदना आढळतात. स्रावास दुर्गंध बहुधा नसतो. मासिक पाळीच्या आधीच्या दिवसांत लक्षणे वाढतात. प्रत्येक रुग्णेत स्राव गाठाळ असेलच असे नाही. कित्येकींत तो पातळ असतो किंवा नगण्य असतो आणि केवळ कंडू असतो.

शास्त्रोक्त विचार

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात आणि सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या अडतिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापद् वर्णिल्या आहेत. मिथ्या आहारविहार, दुष्ट आर्तव, बीजदोष आणि दैव ही त्यांची चार कारणे होत. कॅन्डिडाजन्य विकाराशी सर्वांत जवळचे साम्य श्लेष्मला किंवा कफजा योनीचे आहे. तीत पिच्छिलता, शैत्य, कंडू आणि अल्प वेदना ही लक्षणे सांगितली आहेत. मात्र शोथ वाढून आग व लाली आली म्हणजे पित्ताचा अनुबंध धरावा लागतो. केवळ ‘कफज’ म्हणून अशा रुग्णेस तीक्ष्ण, उष्ण, क्षारयुक्त उपचार केल्यास दाह वाढतो, हा अनुभव अनेकांस असेल.

आणखी दोन व्यापद् येथे लक्षात घ्याव्यात. अचरणेत योनीची धावनक्रिया न झाल्याने उत्पन्न झालेले जंतू कंडू निर्माण करतात असे वर्णन आहे. उपप्लुतेत गर्भिणीने कफकर आहार अतिमात्रेत घेतल्याने व छर्दी आदी वेग रोधल्याने वायू कफास योनीत आणतो आणि पांडुर किंवा श्वेत स्राव होतो. गर्भावस्थेत कॅन्डिडाचा प्रादुर्भाव वाढतो हे आधुनिक निरीक्षण आणि उपप्लुतेचे हे स्वतंत्र वर्णन एकमेकांस पूरक आहेत.

तथापि एक सावधगिरी हवी. श्लेष्मला म्हणजे कॅन्डिडा असे समीकरण मांडता येत नाही. आचार्यांनी दोषांच्या भाषेत वर्णन केले, सूक्ष्मदर्शकाच्या भाषेत नव्हे. श्लेष्मलेच्या चौकटीत केवळ शरीरक्रियात्मक स्राव अधिक असलेली स्त्रीही बसू शकते. म्हणून दोषनिश्चितीनंतर रोगनिश्चितीही करावी.

व्यवच्छेदक निदान

प्रथम प्राकृत स्राव वगळावा. बीजोत्सर्गाच्या सुमारास होणारा स्वच्छ, तार धरणारा स्राव, पाळीपूर्वीचा किंचित पांढरा स्राव आणि गर्भावस्थेत वाढलेला स्राव यांत कंडू, दाह वा दुर्गंध नसतो. ‘धातू जाऊन अशक्तपणा आला’ असे म्हणणाऱ्या रुग्णेत स्रावापेक्षा रक्तातील हिमोग्लोबिन तपासणे अधिक फलदायी ठरते.

विकृत स्रावाची तीन कारणे व्यवहारात वारंवार भेटतात. कॅन्डिडात कंडू प्रधान, दुर्गंध नाही आणि सामू बहुधा ४.५ च्या आत असतो. जीवाणुजन्य योनिविकारात राखट पांढरा, पातळ, एकसारखा पसरलेला स्राव व मासळीसारखा वास असतो, कंडू अल्प असतो आणि सामू ४.५ हून अधिक असतो. ट्रायकोमोनास या परजीवीच्या संसर्गात पिवळट हिरवा, कधी फेसाळ स्राव, दाह व दुर्गंध असतो आणि सामू वाढलेला असतो. हा लैंगिक संबंधातून पसरणारा विकार असल्याने पतीचीही चिकित्सा अनिवार्य ठरते. कॅन्डिडात लक्षणे नसलेल्या पतीस सरसकट औषध देण्याची आवश्यकता नसते.

दाह, पाक, ज्वर आणि कुणपगंधी उष्ण स्राव ही पित्तला योनीची लक्षणे दिसली तर कॅन्डिडाचा विचार मागे ठेवून गंभीर संसर्ग शोधावा. ओटीपोटात दुखणे, ताप, मैथुनोत्तर रक्तस्राव, रक्तमिश्रित दुर्गंधी पाण्यासारखा स्राव, रजोनिवृत्तीनंतरचा कोणताही रक्तस्राव यांपैकी एक जरी लक्षण असले तरी रुग्णेस त्वरित स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. गर्भाशयमुखाचा कर्करोग आरंभी केवळ स्रावाच्या रूपाने दिसू शकतो. महिनोन्‌महिने धावन व पिचू करीत राहिलो आणि तो निसटला, तर गेलेला काळ परत मिळत नाही. ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी राष्ट्रीय कार्यक्रमात अंतर्भूत आहे. स्रावाची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक अशा स्त्रीस तिचे स्मरण द्यावे.

वयही निदानास साहाय्य करते. ऋतुप्राप्तीपूर्वी व रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन अल्प असल्याने कॅन्डिडा तुलनेने विरळ असतो. वृद्ध स्त्रीच्या कंडूत रुक्षताजन्य शोथ, त्वचाविकार व मधुमेह यांचा विचार आधी करावा.

चिकित्सालयात करता येण्याजोग्या दोन परीक्षा साध्या आहेत. योनीच्या पार्श्वभित्तीवरील स्राव सामूदर्शक कागदावर पाहावा. रक्त, वीर्य वा नुकतेच लावलेले औषध यांनी हे फल बदलते हे ध्यानी असावे. स्रावाचा नमुना १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास अंकुरणाऱ्या पेशी व तंतू दिसतात. मात्र ते न दिसल्याने रोग नाही असे ठरत नाही. शंका उरल्यास प्रयोगशाळेत संवर्धन करावे.

वारंवार होणारा विकार

एका वर्षाच्या आत तीन वा अधिक वेळा लक्षणे आल्यास त्यास आवर्ती विकार म्हणतात. पाच टक्क्यांहून कमी स्त्रियांना तो होतो, परंतु आपल्याकडे ‘सर्व करून झाले’ म्हणून येणाऱ्यांत या स्त्रिया अधिक असतात. येथे निदानपरिवर्जन हेच मुख्य सूत्र होय.

पहिला प्रश्न मधुमेहाचा. प्रमेहाच्या पूर्वरूपांत शरीर व मूत्र यांकडे मुंग्या ओढल्या जातात असे चरकाचार्यांनी निदानस्थानात नोंदविले आहे. मूत्रातून शर्करा जाणे आणि बाह्यांगावर बुरशी वाढणे यांचा संबंध आज पुन्हा महत्त्वाचा झाला आहे. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन आदी मधुमेहाची औषधे मूत्रावाटे शर्करा बाहेर टाकूनच कार्य करतात. त्यामुळे रक्तशर्करा आटोक्यात असूनही या औषधांवर असलेल्या स्त्रियांत जननांगाचा बुरशीसंसर्ग वाढतो. भारतात डॅपाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० साली संपल्यापासून ही गोळी स्वस्त झाली व तिचा वापर पुष्कळ वाढला. उदाहरणार्थ, पंचेचाळिशीची स्त्री वर्षात तिसऱ्यांदा कंडू घेऊन येते, तिची साखर ‘नॉर्मल’ असते, आणि वैद्य मधुमेहाचा संबंध नाही असे ठरवून मोकळा होतो. तिच्या पिशवीतील गोळ्यांची पाकिटे पाहिली असती तर कारण हाती लागले असते. मात्र गोळी आपण परस्पर बंद करू नये. ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांस कळवावे. ज्यांना मधुमेह ठाऊक नाही अशा आवर्ती रुग्णेची रक्तशर्करा अवश्य तपासावी.

दुसरे कारण प्रतिजैविके. घसा, मूत्रमार्ग वा दातासाठी घेतलेल्या प्रतिजैविकांनंतर थोड्याच दिवसांत कंडू सुरू झाल्याचा इतिहास विचारल्याशिवाय मिळत नाही. तिसरे कारण तोंडाने घेतलेली वा बाह्यांगास लावलेली स्टिरॉइडे होत. स्टिरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक यांचे मिश्रण असलेली मलमे दोन दिवसांत खाज थांबवितात, लाली लपवितात आणि त्वचा पातळ करून रोग लांबवितात. २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइडयुक्त मलमे अनुसूची ‘एच’मध्ये आणली ती याच अनर्थामुळे. याखेरीज प्रतिकारशक्ती क्षीण करणारे विकार आणि कॅन्डिडाच्या अल्बिकन्सेतर जाती यांचाही विचार करावा. ग्लाब्राटा ही जात नेहमीच्या अॅझोल औषधांस पुरेशी दाद देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्राधान्याच्या बुरशींच्या सूचीत अल्बिकन्स अतिगंभीर गटात व ग्लाब्राटा त्याखालील उच्च गटात आहे. अर्धवट मात्रेत, अंदाजाने बुरशीनाशके वापरणे का टाळावे हे यावरून उमगेल.

चिकित्सा

तीव्र, निश्चित निदान झालेल्या साध्या विकारात अॅझोल औषधांचा पूर्ण क्रम घेतल्यास ८० ते ९० टक्के रुग्णांत लक्षणे शमतात व संवर्धन निर्जंतुक येते. स्थानिक क्लोट्रिमाझोल किंवा तोंडाने फ्लुकोनाझोल १५० मि.ग्रॅ. एक मात्रा ही प्रचलित योजना आहे. एवढा चांगला उपाय उपलब्ध असताना तीव्र वेदनेतील रुग्णेस केवळ शास्त्राभिमानापोटी त्यापासून वंचित ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्यांस ते औषध देण्याचा अधिकार नाही त्यांनी योग्य ठिकाणी पाठवावे. कडुनिंब, हळद आदी द्रव्यांचे अर्क काचेच्या तबकडीत कॅन्डिडाची वाढ रोखतात असे प्रयोग झाले आहेत. परंतु तबकडीत जे घडते ते रुग्णेच्या शरीरात घडेलच असे त्यावरून सिद्ध होत नाही. आपल्या औषधांचे स्थान सौम्य विकारात, आवर्ती विकाराच्या मधल्या काळात, अग्नी व कफ यांच्या नियमनात आणि पित्तानुबंधी दाहाच्या शमनात आहे.

आभ्यंतर चिकित्सेत कफप्रधान, स्थूल व प्रमेही रुग्णेस चंद्रप्रभा वटी, आमानुबंध व यकृद्दोष असता आरोग्यवर्धिनी, स्राव अधिक असता पुष्यानुग चूर्ण तंडुलोदकासह हा क्रम आम्ही वापरतो. पुष्यानुगाचे अनुपान मध आहे. मधुमेही रुग्णेत तो वगळून केवळ तंडुलोदक द्यावे. लोध्रासव, पत्रांगासव, अशोकारिष्ट या कल्पांत मध, साखर किंवा गूळ यांपैकी काही ना काही असतेच. ज्या स्त्रीचा विकार शर्करेमुळे आवर्ती झाला आहे तिलाच तीन महिने आसवारिष्ट देणे म्हणजे एका हाताने विझवून दुसऱ्या हाताने फुंकर घालणे होय.

बाह्य चिकित्सेत पंचवल्कल, अर्थात न्यग्रोध, उदुंबर, अश्वत्थ, पारीष व प्लक्ष यांच्या साली, किंवा त्रिफळा यांचा क्वाथ प्रक्षालनासाठी उपयुक्त होय. सालींसारख्या कठीण द्रव्यांस सोळापट पाणी घालून चतुर्थांश उरवावे, दुहेरी वस्त्रातून गाळावे, कोमट झाल्यावर त्याच दिवशी वापरावे आणि उरलेले टाकून द्यावे. आम्ही हे प्रक्षालन बाह्यांगापुरते आणि पाच ते सात दिवसच सांगतो. योनिमार्गाच्या आत वारंवार धार सोडण्याने उपकारक जीवाणू धुऊन जातात व संसर्ग वर गर्भाशयाकडे जाण्याची भीती वाढते. शास्त्रोक्त योनिधावन हे वैद्याने, निश्चित काळ, निदान करून करावयाचे कर्म आहे. घरी रोज करावयाची ती सवय नव्हे. तीव्र संसर्गात उत्तरबस्ती करू नये. शोथ ओसरल्यावर रुक्षता व चिरा राहिल्यास धातक्यादि तैलाचा किंवा जात्यादि तैलाचा पिचू अल्पकाळ ठेवता येतो, परंतु तेलाने रबरी निरोध कमकुवत होतो हे दांपत्यास सांगण्यास विसरू नये.

लसूण, कच्ची हळद, लिंबाचा रस, क्षार वा जंतुनाशक द्रव आत घालण्याचे घरगुती उपाय श्लेष्मल त्वचा भाजतात. दह्याविषयी पुष्कळ बोलले जाते. भोजनात ताक घेण्यास हरकत नाही, परंतु घरचे दही योनीत ठेवण्यास सांगू नये. बोरिक आम्लाच्या योनिमार्गी कॅप्सूल ग्लाब्राटासारख्या हट्टी विकारात तज्ज्ञ वापरतात. बोरिक आम्ल म्हणजे आपले टंकण नव्हे. ते पोटात गेल्यास प्राणघातक ठरू शकते आणि गर्भिणीस सर्वथा वर्ज्य आहे. ‘टंकणासारखेच आहे’ म्हणून कोणी घरगुती पुड्या बांधून देऊ नयेत.

विहारात सैल सुती अंतर्वस्त्र, ओले वस्त्र त्वरित बदलणे, मासिक पाळीची वस्त्रे उन्हात वाळविणे आणि बाह्यांग केवळ साध्या पाण्याने धुऊन कोरडे करणे एवढे पुरे. सुगंधी साबण व फवारे टाळावेत. केवळ गोड खाल्ल्यानेच निरोगी स्त्रीस हा विकार होतो असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही. म्हणून पथ्याच्या नावाखाली तिला अपराधी ठरवू नये. मधुमेही स्त्रीची गोष्ट अर्थातच निराळी.

गर्भिणी

गर्भिणीस तोंडाने फ्लुकोनाझोल टाळावे. स्थानिक अॅझोल सात दिवस, प्रसूतितज्ज्ञाच्या देखरेखीखाली, हीच मान्य रीत आहे. योनिधावन, वर्ती, उत्तरबस्ती व तीक्ष्ण द्रव्यांचे पिचू सर्वथा वर्ज्य समजावेत. चंद्रप्रभा, आरोग्यवर्धिनी आदी कल्प सवयीने देऊ नयेत. बाह्यांगास सौम्य क्वाथाचे प्रक्षालन व उपप्लुतेत सांगितलेल्या कफकर आहाराचा संयम एवढ्यावर थांबावे. पाण्यासारखा सतत स्राव होत असल्यास तो गर्भोदक असू शकतो. तेथे क्षणाचाही विलंब नको.

औषधविक्रेत्यांसाठी

आपल्या वाचकांत औषधी दुकानांचे मालक मोठ्या संख्येने आहेत, आणि या विकारात रुग्णेची पहिली भेट बहुधा त्यांच्याशीच होते. किंबहुना तिची नव्हे, तर रिकामे पाकीट घेऊन आलेल्या तिच्या मुलाची वा पतीची होते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, स्वतःच निदान करून दुकानातून बुरशीनाशक घेणाऱ्या ९५ स्त्रियांची तपासणी केली असता केवळ एकतृतीयांश स्त्रियांना निव्वळ कॅन्डिडाचा विकार असल्याचे आढळले. शिकलेल्या, पूर्वी हा विकार झालेल्या स्त्रियांचीही फसगत होते, मग रिकाम्या पाकिटावर विसंबणे किती धोक्याचे!

म्हणून चार प्रश्न विचारावेत : मुख्य त्रास खाजेचा आहे की वासाचा? ताप, पोटदुखी वा रक्त जाणे आहे काय? दिवस गेले आहेत काय? आणि वर्षभरात हे कितव्यांदा, व सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? दुसऱ्या वा तिसऱ्या प्रश्नास होकार आला, किंवा त्रास वारंवार असल्याचे कळले, तर औषध न देता चिकित्सकाकडे पाठवावे. हे प्रश्न गिऱ्हाइकांच्या गर्दीत मोठ्याने विचारू नयेत. दुकानात महिला साहाय्यक असल्यास उत्तम, नसल्यास प्रश्न छापलेला कागद पुढे करणेही पुरते. फ्लुकोनाझोल हे चिठ्ठीवर द्यावयाचे औषध आहे. ते मधुमेहातील ग्लिमेपिराइड व रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिन यांचा परिणाम वाढवू शकते, म्हणून चालू औषधांची विचारणा केवळ उपचार म्हणून करू नये. पंचवल्कलादी भरड पावसाळ्यात ओलाव्याने स्वतःच बुरशी धरते. बुरशीच्या रोगावर बुरशी लागलेली साल विकली जाऊ नये एवढी दक्षता साठवणीत घ्यावी.

उपसंहार

कंडू, पिच्छिलता व श्वेतस्राव या त्रयीवरून श्लेष्मला योनीचा विचार सुरू होतो, संपत नाही. स्रावाचा वास व सामू, रुग्णेचे वय, गर्भ, मधुमेह आणि चालू औषधे एवढ्या गोष्टी पाहिल्या तर कॅन्डिडा बहुतेक वेळा ओळखता येतो आणि जे कॅन्डिडा नाही ते वेळीच योग्य हाती सोपविता येते. औषध दिल्यावर सातव्या दिवशी पुनर्भेटीस बोलवावे. उपशय नसेल तर मात्रा वाढविण्याऐवजी निदान पुन्हा तपासावे. संकोच ओलांडून एकदा आलेली स्त्री दुसऱ्यांदाही निःशंकपणे येऊ शकेल असे वातावरण चिकित्सालयात व दुकानात ठेवणे आपल्या हाती आहे, आणि त्यास कोणतेही औषध लागत नाही.